दुखलं तर डावा हात

"दुखलं तर डावा हात वर करा," असं त्या दातांच्या इस्पितळात प्रत्येकाला सांगत. खुर्ची मागे कलली, वरचा दिवा डोळ्यांवर आला, गालात आकडा बसला, की माणसाचं बोलणं संपलं. मग दुखलं तर त्याने सांगायचं कसं? म्हणून ही सोय. ऐकायला किती गोड आहे पाहा! जणू तुमच्या मनगटाला दोरी बांधून तिचं दुसरं टोक डॉक्टरांच्या काळजाला बांधलंय. इकडे जरा हललं की तिकडे कळ उठलीच म्हणून समजा. थोरलीलाही पहिल्या दिवशी असंच वाटलं. धाकटीच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "बघ, माणसाचा किती विचार करतात. तू उगाच घाबरून जीव अर्धा केलास."

थोरली आणि धाकटी म्हणजे एका घरात दिलेल्या दोन जावा. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं बायकांचे कपडे शिवायचं दुकान होतं. कापणं आणि मशीन थोरलीकडे. काजं, बटणं आणि हातशिलाई धाकटीकडे. घरातही ह्याच दोघी आणि दुकानातही ह्याच दोघी, म्हटल्यावर शेजारच्या दुकानदारांचे कान भांडण कधी ऐकू येतंय याकडे लागलेले असत. भांडण व्हायचंही, पण ते कात्रीवरून. धाकटी दोरा दातांनी तोडायची.

"अगं, कात्री काय आरतीला ठेवलीय?" थोरली ओरडायची.

"ती शोधेपर्यंत माझी दोन बटणं होतात, ताई."

"दात पडले म्हणजे कळेल."

दात पडले नाहीत. उलट एक नवा आला आणि तोच नडला. खालची अक्कलदाढ सरळ वर यायची सोडून आडवी पडली आणि पुढच्या दाढेच्या कुशीत डोकं खुपसून बसली. तिच्यावरची हिरडी सुजली, तिच्यात पू धरला. धाकटीला घास चावेना, कानापर्यंत ठणका जाई.

घरात मात्र तिच्या दुखण्याला किंमत नव्हती. कारण असं, की धाकटी मुळातच पटकन ओरडणारी. बोटाला टाचणी टोचली तरी "आई गं!" म्हणायची, आणि शिवणकामात टाचण्यांना काय तोटा? तिच्या नवऱ्याचं रंगाचं दुकान होतं. माणूस वाईट नाही, पण थट्टेखोर. त्यानेच तिचं नाव 'नाजूकबाई' ठेवलं होतं, आणि जेवायला बसलं की सासूबाईंपासून सगळे तिला त्याच नावाने हाक मारून हसत. दाढेचं ऐकून तो म्हणाला, "चला, नाजूकबाईंना अक्कलदाढ आली! आता ती काढल्यावर काही शिल्लक राहील की नाही?" सासूबाई पोट धरून हसल्या.

आता मला सांगा, ओरडणं हा काय गुन्हा आहे? देवाने दुखणं घडवलं त्याच हाताने, त्याच दिवशी कंठही घडवला. तान्हं लेकरू बोलायच्या आधी रडतं, आणि त्याच्या रडण्यावर आईला पान्हा फुटतो. तिथे आई म्हणत नाही, की थांब, आधी तुझी सहनशक्ती किती ते बघू. पण हेच लेकरू मोठं झालं, त्यातून बाईमाणूस असलं, की त्याच कंठावर सगळे शंका घ्यायला मोकळे.

तर धाकटी, तिचा नवरा आणि थोरली अशी तिघं इस्पितळात गेली. लांबट खोली, पडदे लावून तिचे चार भाग पाडलेले, प्रत्येक भागात एक खुर्ची. सगळीकडे लवंगेच्या तेलाचा वास. बाहेरच्या बाकावर गाल धरून बसलेली माणसं. जबड्याची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर एकच, आणि त्यांचं नाव मोठं. त्यांना झटपट डॉक्टर म्हणत. "आपण घाबरून डोळे मिटावेत, आणि उघडावेत तर दात बशीत!" असं एक म्हातारे गृहस्थ बाकावर सगळ्यांना सांगत होते. डॉक्टरांची पद्धतच तशी होती. पहिल्या खुर्चीवर सुई टोचायची, दुसरीवर टाके घालायचे, तिसरीवरचा दात काढायचा, आणि फिरून पहिलीवर यायचं. पाणी भरणाऱ्या बाईने घागरी एकामागून एक नळाखाली सारत जावं तसं.

धाकटीला सुई टोचली. थोड्या वेळाने डॉक्टर पडदा सारून आले.

"ओठाला मुंग्या आल्या?"

"थोड्या आल्यात," धाकटी म्हणाली.

"झालं तर. दुखलं तर डावा हात वर करायचा. नातेवाईक बाहेर."

थोरली बाहेर येऊन बाकावर बसली. नवरा म्हाताऱ्याशी रंगाच्या गप्पा मारत होता. आतून पहिली किंकाळी आली तसा तो म्हणाला, "घ्या, आमच्या घरची गाण्याची बैठक सुरू झाली!" बाकावरचे लोक हसले. ज्यांचे गाल सुजले होते तेही एका बाजूने हसले. थोरलीलाही ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, खोटं कशाला सांगायचं.

दुसरी किंकाळी निराळी होती. ती "आई गं" नव्हती. तिच्यात शब्दच नव्हता.

थोरली उठली आणि पडद्यापाशी गेली. फटीतून तिला मदतनिसाची रुंद पाठ तेवढी दिसली. तो खुर्चीच्या डाव्या अंगाला वाकून उभा होता, आणि डॉक्टरांचा आवाज येत होता, न चढता, न उतरता, पाठ केल्यासारखा. "दाब आहे तो. दुखत नाही, दाब जाणवतो. इंजेक्शन दिलंय ना? मग दुखेल कसं? दाबच आहे. डोकं हलवू नका."

"डॉक्टर, तिला फार—" थोरलीने तोंड उघडलं.

"बाई, तुम्ही बाहेर थांबा. तुम्ही अशा आत आलात की पेशंट जास्त करतात."

जास्त करतात! तोंडात लोखंड असताना जास्त काय करणार?

शेवटी डॉक्टर हातमोजे काढत बाहेर आले. "वरचा भाग निघाला. एक मूळ राहिलं आहे. पेशंटने सहकार्य केलं नाही. औषधं घ्या, सूज उतरली की घेऊन या, आणि येताना समजावून आणा." नवऱ्याने दोन्ही हात जोडले. धाकटी पडद्याआडून आली ती भिंत धरत. तोंडात कापसाचा बोळा, डोळे सुजलेले, आणि नजर कुणाकडेही नाही.

घरी गेल्यावर नवऱ्याने समजावलं. "लहान पोरं शहाण्यासारखी दात काढून घेतात. तुझ्यामुळे मला त्या लोकांपुढे मान खाली घालावी लागली." एरवी टाचणीला ओरडणारी बाई, त्या दिवसापासून तिच्या तोंडातून शब्द निघेना. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, जरा सोसायला शिकली."

सूज उतरायची ती वाढली. जबड्याच्या खाली टणक गोळा आला, अंगात कणकण राहू लागली, आणि तोंड उघडून उघडून एक बोट जाईल एवढंच उघडेना. औषधाच्या कागदावर खाली छापलं होतं, की सूज गळ्याकडे सरकली तर वेळ न घालवता या. थोरली रोज तो गोळा बघायची आणि कालपेक्षा खाली सरकलाय का ते बोटांनी मापायची. पण परत जायचं नाव काढलं की धाकटी मान हलवायची.

एका दुपारी दुकानात थोरली कुणाच्या तरी ब्लाउजची बाही लावत होती. बाहीची मोहरी, म्हणजे खालचा घेर, बरोबर झाली का हे ती नेहमी धाकटीच्या हातावर घालून बघायची. दोघींच्यात ते इतकं अंगवळणी पडलेलं, की थोरलीने नुसती बाही पुढे केली आणि धाकटीने काम न थांबवता डावा हात दिला. थोरलीने तिची लांब बाही वर सारली, आणि तिचे हात तिथेच थांबले. मनगटाच्या वर काळेनिळे डाग होते. आतल्या अंगाला ओळीने चार, बाहेरच्या अंगाला एक मोठा. मध्यमा आणि अनामिका कुठली, अंगठा कुठला, सगळं ओळखू येत होतं.

"हे काय गं?"

"काही नाही."

"काही नाही कसं? भावोजींनी हात उगारला?"

"छे!" धाकटी दातांच्या फटीतून म्हणाली. तोंड उघडत नव्हतं, त्यामुळे शब्द चिरडून येत होते. "तिथला. तो मदतनीस."

"त्याने कशाला धरलं?"

"मी हात वर केला म्हणून."

थोरलीला आधी नीट कळलंच नाही. "कुठला हात?"

"डावा, ताई. त्यांनीच सांगितलेला. दुखलं म्हणून वर केला, तर त्याने खाली दाबला. मला वाटलं चुकून दाबला, म्हणून परत वर केला. मग त्याने धरूनच ठेवला. डॉक्टर बघत होते. म्हणाले, धरून ठेव."

मशीनच्या पायडलवरून थोरलीने पाय खाली घेतला. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिला त्या मदतनिसाची रुंद पाठ आठवली. ती पाठ बघत पडद्यापाशी आपण उभ्या होतो आणि "बाहेर थांबा" म्हटल्यावर थांबलो, हे आठवलं. अरे, कुणाला कोंडायचं असेल तर कोंडा, बांधायचं असेल तर बांधा. जगात असं करणारे आहेत आणि त्यांचा न्याय वरच्याच्या दरबारात होतोच. पण आधी सांगायचं, की दार ठोठावलंस की उघडू, आणि ठोठावणारा हातच धरून ठेवायचा? ह्या विश्वासघाताला काय नाव द्यायचं? आणि वर म्हणायचं, पेशंटने सहकार्य केलं नाही!

"तू हे घरी का नाही सांगितलंस?"

धाकटीने सुईत दोरा ओवायला घेतला. तो एकदा चुकला, पुन्हा चुकला. "कुणाला सांगू? सगळे म्हणाले असते, नाजूकबाईंचा हातही नाजूक."

थोरलीने दुकानाचं दार ओढलं. "ऊठ. आत्ता जायचं."

"मी त्या खुर्चीत बसणार नाही, ताई. मेले तरी नाही."

"बसू नकोस. पण तो गोळा तुझ्या गळ्याकडे चाललाय. जबड्याचे दुसरे डॉक्टर एका दिवसाच्या वाटेवर, आणि एवढ्या तापात तुला तिकडे नेऊ कशी? तू फक्त माझ्याबरोबर चल. बोलायचं ते मी बोलते. बसायचं की नाही ते तू ठरव."

वाटेत रंगाच्या दुकानातून तिने दिरालाही उठवलं. "भावोजी, डबे झाका आणि चला." तिचा चेहरा बघून त्याने थट्टा केली नाही.

डॉक्टर आपल्या खोलीत चहा पीत होते. धाकटीला बघून म्हणाले, "आलात? मनाची तयारी झाली का? असं आहे, सहनशक्ती प्रत्येकाची वेगळी असते. यांची जरा कमी आहे."

थोरलीने धाकटीची बाही वर सारली आणि तिचा हात टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवला. "ही कुणाची शक्ती, डॉक्टर?"

डॉक्टरांनी डाग बघितले. थोडे वरमले, पण सावरले. "अहो बाई, हात धरावाच लागतो. माणूस झटका देतो. हत्यारांचा ट्रे त्याच बाजूला असतो. माझ्या हातातलं हत्यार घसरून गालातून आरपार गेलं असतं म्हणजे? तुमच्या भल्यासाठीच करतो आम्ही."

"पटलं," थोरली म्हणाली. "घसरू नये म्हणून धरलात. मग हात वर करायला सांगता कशाला?"

"ते आपलं... सगळ्यांनाच सांगतो आम्ही."

"ऐकलं मी. कशाला सांगता?"

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. खरं तर ते खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते, आणि कुणी असं सरळ विचारलंच नव्हतं आजवर. त्यामुळे जे होतं तेच त्यांच्या तोंडातून निघून गेलं. "पेशंटला धीर वाटतो."

नवऱ्याने मान वर केली.

"धीर वाटतो," थोरली सावकाश म्हणाली. "म्हणजे थांबायसाठी नव्हतंच ते."

"प्रत्येकाने हात वर केला की थांबत बसलो तर बाहेरची माणसं कधी संपायची? निम्मे लोक भीतीनेच हात वर करतात. इंजेक्शन दिलेलं होतं यांना, मी स्वतः दिलं होतं."

"दिलं होतं. पण चढलं होतं का?"

"पू असला की भूल कधी कधी नीट चढत नाही, हे आहे. ओठ बधिर होतो आणि दाढ मात्र—"

"हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"वैद्यकात सगळ्यांनाच ठाऊक असतं, बाई."

"ठाऊक होतं!" आता मात्र थोरलीचा आवाज बाकापर्यंत गेला. "ठाऊक नसतं तर मी तुमच्या पाया पडले असते, डॉक्टर. म्हटलं असतं, चुकलं बिचाऱ्यांचं, माणूस आहे. पण तुम्हाला ठाऊक होतं, की पू आहे, की भूल चढत नाही, आणि समोर बाई हात वर करतेय, आणि तुम्ही तिला सांगताय दाब आहे! अहो, जबडा तिचा की तुमचा? मी कपडे शिवते. बाई अंगात घालून म्हणाली काखेत काचतंय, तर मी उसवते. टेप बरोबर आहे म्हणून तिला कोंबत नाही आत. काख तिची आहे, मला काय दिसणार आतलं?"

"वहिनी, हळू," नवरा पुटपुटला. "मोठी माणसं आहेत."

"तुम्ही गप्प बसा! बाहेर बाकावर बसून बैठक कुणाची सुरू झाली होती? मीही हसले होते, म्हणून तुम्हाला जास्त बोलत नाही."

दाराशी मदतनीस येऊन उभा राहिला होता. धिप्पाड माणूस, पण चेहरा गोंधळलेला. "मला जे सांगतात ते मी करतो, ताई," तो म्हणाला. खरंच होतं त्याचंही. म्हणून तर जास्त संताप यायचा. एकाने सांगायचं, दुसऱ्याने धरायचं, तिसऱ्याने हसायचं, आणि पाप कुणाच्याच माथी नाही.

डॉक्टर उठले आणि धाकटीपाशी आले. "बघू," म्हणून त्यांनी जबड्याखालचा गोळा बोटांनी चाचपला. त्यांच्या कपाळावर आठी पडली, आणि ती थोरलीच्या बोलण्याने पडली नव्हती. "हे असं ठेवून चालणार नाही. आजपासून शिरेतून औषध सुरू करू, सकाळ-संध्याकाळ यावं लागेल. सूज बसली की मूळ काढायचं. पण काढायचं. पर्याय नाही."

सगळ्यांनी धाकटीकडे बघितलं. ती टेबलावरचा आपला हात बघत होती.

"हात मोकळा हवा," ती म्हणाली. फट एवढीशी, शब्द चिरडलेले, पण प्रत्येक कळला. "मी वर केला की थांबायचं. दाब असला तरी थांबायचं. ताई आत बसणार. नाहीतर मी घरी जाते, आणि गळा धरला तर धरू दे."

डॉक्टर दाराकडे वळले. मग मदतनिसाला म्हणाले, "ट्रे उजवीकडे घ्यायचा, यांच्या वेळी."

"उजवीकडे घेतला तर मी कुठे उभा राहू, सर?"

"उजवीकडेच. दोन्ही हातांनी ट्रेच धर."

सूज बसेपर्यंत थोरली तिला सकाळ-संध्याकाळ घेऊन गेली. दुकान उशिरा उघडायचं, गिऱ्हाइकं कुरकुरायची. रोज झोपताना थोरली देवाला हात जोडून एकच मागायची. धाकटीला सहनशक्ती दे असं ती मागत नव्हती. तिला पुष्कळ आहे ती, हे आता थोरलीला कळलं होतं. ती म्हणायची, देवा, त्यांना ऐकू येऊ दे.

गोळा विरला, तोंड उघडायला लागलं, आणि मूळ काढायचा दिवस आला. धाकटी खुर्चीत बसली आणि डाव्या हाताची बाही तिने वर सारली. थोरली डाव्या अंगाला स्टुलावर बसली, दोन्ही हात आपल्या मांडीवर ठेवून. धाकटीचा हात तिने धरला नाही. मायेनेसुद्धा धरला नाही. तो मोकळाच राहायला हवा होता.

या वेळी डॉक्टरांनी सुई जबड्याच्या पार मागे दिली, आणि दुसरीकडे न जाता तिथेच थांबले. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "अहो, आज झटपट नाही का?" डॉक्टरांनी लक्ष दिलं नाही. मग टोकदार सळईने हिरडी टोचून विचारलं, "इथे कळतंय?" धाकटीने मान हलवली, कळत होतं. पुन्हा औषध, पुन्हा थांबणं. मग तिने नाही म्हणून खूण केली, तेव्हा त्यांनी हत्यार घेतलं.

काही वेळ सगळं ठीक चाललं. मग धाकटीचा डावा हात वर आला.

"दाब आ—" डॉक्टरांच्या तोंडून सवयीने निघालं. ट्रेमागच्या मदतनिसाचा एक हातही सवयीनेच सुटला आणि पुढे आला, आणि हवेत तसाच राहिला. धाकटीचा हात खाली गेला नाही. थोरली स्टुलावरून उठली नाही. एक शब्द बोलायचा नाही असं तिने मनाशी ठरवलं होतं. आज तिच्या आवाजाने थांबले तर काय उपयोग? त्या हाताने थांबले पाहिजेत.

डॉक्टरांनी हत्यार काढून घेतलं. "दुखतंय," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले. आणि पुन्हा सुई भरली.

त्यानंतर आणखी एकदा हात वर गेला. या वेळी ते न बोलता थांबले, आणि हात आपणहून खाली येईपर्यंत थांबूनच राहिले. मग मूळ निघालं. वाकड्या नखासारखं, एवढंसं. टाके पडले. "झालं," डॉक्टर म्हणाले, आणि पडदा सारून पुढच्या खुर्चीकडे गेले. माफी वगैरे काही मागितली नाही. थोरलीने वाट बघितली होती, पण नाही.

बाहेरच्या वाटेवर खिडकीपाशी दोघी बाकावर थोड्या टेकल्या. "दुसऱ्यांदा हात वर केलास तेव्हा फार दुखलं का गं?" थोरलीने विचारलं.

धाकटीने मान हलवली. नाही. अर्धा चेहरा बधिर, त्यामुळे हसू एकाच बाजूला आलं. बोळ्यामागून ती म्हणाली, "बघत होते. थांबतात का."

"अगं बया!" म्हणून थोरली हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले ते पुसून कोरडे होईनात. काय वेळ आणली होती माणसांनी ह्या पोरीवर, की आपलं कुणाला ऐकू येतंय का, हे हाक मारून बघावं लागलं!

तेवढ्यात नवरा जिना चढून आला. हातात फळांची भलीमोठी टोपली. "झालं ना? कुठे आहेत डॉक्टर? म्हटलं काहीतरी द्यावं. इतकं ऐकलं आपलं, जिन्यात लोक सांगत होते, थांबले म्हणे. मोठेपणाच की."

"कसला मोठेपणा?" थोरली उसळली. "कुणी तुमच्या पायावर उभं राहिलं आणि मग पाय काढला, तर त्याला हार घालाल? थांबायचंच होतं त्यांनी! पहिल्याच दिवशी थांबायचं होतं!"

धाकटीने नवऱ्याच्या हातातली टोपली काढून घेतली आणि आपल्या मांडीवर ठेवली.

"तुला कुठे काही चावता येणार आहे आता?" तो म्हणाला.

"येईल तेव्हा खाईन," ती म्हणाली.

तो तिच्या शेजारी बसला. टोपलीखालून दिसणाऱ्या तिच्या मनगटाकडे त्याची नजर गेली. डाग आता पिवळे पडले होते. ते त्याने आधी बघितलेच नव्हते असं नाही, पण असे बघितले नव्हते. हलक्या आवाजात, थोरलीला ऐकू जाऊ नये अशा बेताने त्याने विचारलं, "खरंच तेवढं दुखलं होतं? त्या दिवशी?"

"आत्ता विचारताय?" थोरली म्हणालीच. तिला ऐकू गेलं होतं.

धाकटीने बोट घालून तोंडातला बोळा काढला. त्याला रक्त होतं. डॉक्टरांनी तो काढायचा नाही म्हणून बजावलं होतं.

"परत विचारा," ती म्हणाली.

"अं? खरंच तेवढं दुखलं—"

"इथे नाही. घरी. जेवायला सगळे बसतील तेव्हा. आईंसमोर विचारा, आणि माझं उत्तर होईपर्यंत कुणी हसायचं नाही."

तिने बोळा पुन्हा दाताखाली दाबला, टोपली त्याच्या हातात दिली आणि जिना उतरायला लागली.